नट कण्हतो तेव्हा

शोघेरबाई म्हणाल्या, "किरकिरते."
मग म्हणाल्या, "किरकिर नाही हो, टकटक.
पण टकटकीच्या आत कुठंतरी किरकिरतं."
ग्युम्रीत त्या सकाळी उणे चौदा.
व्होल्गाच्या मागच्या दारावर
सांडलेल्या दुधाचे ओघळ गोठलेले.
गाडी एकोणऐंशीची. मालक तीन, इंजिन पहिलंच.

मी बॉनेट उघडलं, मान तिरकी केली,
डोळे मिटले. लोकांना हे आवडतं.
चाळीस वर्षं ग्राइंडरशेजारी काढलेल्या कानांत
जाड आवाज सगळे येतात:
ट्रक, कुत्रा, बायकोचं रागावणं.
बारीक आवाज उंबऱ्यावरूनच परत जातात.
गावात हे कुणाला माहीत नाही.
झिराइरला माहीत आहे. सोळाचं पोर,
नखांत अजून नीट काळं बसायचंय.

"बोल," मी म्हटलं, जणू परीक्षाच घेतोय.
"खुळखुळ नाही, वार्पेत.
खुळखुळ्यात दाणे मोकळे असतात, हा बांधलेला आहे.
आजी शिवताना विचारात पडली
की बोटातलं अंगुस्तान टेबलावर आपटते ना, तसा."
"चाल?"
"इंजिनच्या निम्मी."

पट्ट्यावर कोमट पाणी शिंपडलं. तो म्हणाला, तसाच आहे.
प्लगच्या वायरी एकेक काढत गेलो.
इंजिन अडखळलं, लंगडलं,
टकटक लंगडली नाही, तो म्हणाला.
म्हणजे खाली काही नाही, कनेक्टिंग रॉड शाबूत.
शोघेरबाईंनी सोडलेला निःश्वास मला दिसला,
वाफ होती म्हणून.

मग जर्दाळूच्या लाकडाचा दांडा.
एक टोक व्हॉल्व्ह कव्हरवर, दुसरं दातांत.
कान गेले तरी हाडं राहतात,
माझा वार्पेत म्हणायचा; तेव्हा मी हसलो होतो.
तिसऱ्या सिलिंडरपाशी तो आला,
दाढेतून, जबड्याच्या कोपऱ्यातून, कवटीत:
टक.
टक.
दोन वर्षांत मला भेटलेला पहिला बारीक आवाज.
दांडा मी गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ चावून धरला.

कव्हर काढलं. एक्झॉस्टच्या रॉकरवरचा नट
नुसत्या बोटाने फिरला.
ऑक्टोबरात हे व्हॉल्व्ह मीच बसवले होते.
आवळताना शेवटी नट एकदा कण्हतो, अगदी हलकं,
जन्मभर मी तिथे थांबत आलो.
ऑक्टोबरात तो कण्हला नसणार.
कण्हला, असं मीच धरून चाललो.

झिराइर माझ्याकडे बघत नव्हता.
पुसलेला पाना पुन्हा पुसत होता.
"थंडीनं सैल होतात का हो नट?"
शोघेरबाईंनी विचारलं.
केवढं सोपं उत्तर,
फडक्यात गुंडाळलेल्या ऊन भाकरीसारखं हातात आणून दिलेलं.
"थंडीनं नाही," मी म्हटलं. "माझ्या हातानं."
त्या काहीतरी बोलल्या. ओठ हलले.
परत विचारायचं धाडस झालं नाही.

फीलरची पट्टी मी धरली, पाना पोराकडे दिला.
"कुठं थांबायचं ते तू सांग."
त्याने आवळलं, थोडं, अजून थोडं.
"बस."
किल्ली फिरवली.
"आता?"
"गेला."
मला गेल्याचं काही कळलं नाही.
माझ्याकडे तो फक्त दातांत येऊन गेला होता.

पैसे घेतले नाहीत. बाकावर
कागदात बांधलेलं खारट चीज ठेवून
शोघेरबाई निघाल्या. जाताना झिराइरला
कानाकडे बोट दाखवून काहीबाही म्हणाल्या, तो लाजला.
गाडी फाटकापर्यंत गेली तोच त्याने हात वर केला.
"वार्पेत, अजून एक आहे.
मागं कुठंतरी. चिवचिवल्यासारखा."
"कॅनचं झाकण असेल."
"नाही," तो म्हणाला,
आणि मान तिरकी करून त्याने डोळे मिटले.
बघायला तिथे कुणीच नव्हतं.