शेरा

पथारीकडून वारा सुटला
की आमच्या दवाखान्यात सगळेच खोकतात,
डॉक्टरसुद्धा.
नंदुरबारात मिरचीच्या दिवसांत
खोकल्यावरून कोण आजारी ते कळत नाही.

माझं अक्षर बरं, म्हणून रजिस्टर माझ्याकडे.
अनुक्रमांक, वय, वजन, थुंकी,
आणि शेवटी इंचभर रकाना : शेरा.
त्यात आजवर काय काय लिहिलंय मी.
‘ऐकत नाही.’
‘दारू पितो.’
‘समजावून उपयोग नाही.’
आणि लाल शाईनं, एकशे बारा नंबरसमोर,
‘डिफॉल्टर.’

हा शब्द मी पहिल्यांदा वाचला
धुळ्याला, पतसंस्थेच्या फळ्यावर.
खाली आमच्या मामांचं नाव होतं.
मामी नंतर महिनाभर
बाजारात लांबच्या रस्त्यानं जायची.

एकशे बारानं आमचं काय उसनं नेलं होतं?
चार महिन्यांच्या गोळ्या.
त्या तर तिनं गिळल्या होत्या.

पत्त्यावर कुलूप. शेजारीण म्हणाली, पथारीवर बघा.
गेले.
नजर पोचेल तिथवर लाल,
आणि त्या लालात
फडक्यांनी तोंडं बांधलेल्या बायका,
देठ खुडत, ओळीनं.
सगळ्यांचे नुसते डोळे दिसत होते.
मला नाव आठवेना.
मुकादमाला म्हटलं, मोठ्यानंच,
वारा होता ना,
‘टीबीची एक डिफॉल्टर आहे तुमच्याकडे.’

ओळीतली एक बाई आपणहून उठली.
तिच्या दोन्ही बाजूच्या बायका
वीत वीत सरकल्या.

ते अंतर माझं.
एका वाक्यात पाडलेलं.

‘पळनू नही मी, बहिन,’ ती म्हणाली,
फडकं न सोडता.
‘आठे किलोवर पैसा.
तुमनं दार नऊले उघडस, मी सातले कामवर.
आन् उपाशी पोटे गोळी घेतली ते उलटी व्हस.’

हे विचारायला रकाना नव्हता.
आणि रकाना नव्हता म्हणून
मीही कधी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी लाल शब्दावर कागदाची चिठ्ठी डकवली.
लिहिलं :
‘सेगी दोहऱ्या वळवी यांचे उपचार
एकोणीस दिवस थांबवले
नंतर तीही चिठ्ठी काढली.
‘थांबले आहेत,’ असं लिहिलं.
एक ‘व’ गाळायला
मला जवळजवळ अर्धा तास लागला.
पुढे : कामाची वेळ सात ते सहा.
गोळ्या जेवणानंतर, घरी नेऊन देणे.
अक्षर बारीक करत करत
रकान्याच्या बाहेर, समासात, पार शिवणीपर्यंत.

साहेब म्हणाले, एवढं पुराण कशाला मॅडम?
वर पाठवायचा तर एकच शब्द असतो.

आता रोज साडेसातला जाते.
पहिले काही दिवस
तिनं दार अर्धंच उघडलं.
हात बाहेर यायचा, गोळ्या आत जायच्या.
मग एकदा दार पूर्ण उघडं राहिलं.
चुलीवर भाकरी होती,
बाजूला ठेचा. मी हसले,
दिवसभर मिरची आणि रात्रीही मिरचीच?
तीही हसली.
खाऊन झाल्यावर पाणी प्याली, गोळ्या घेतल्या,
आणि विचारलं,
‘तुनं नाव काय शे?’

चौदा वर्षांत इथं
मला सिस्टरशिवाय कुणी हाक मारली नव्हती.
घसा खाकरून सांगितलं, जयमाला.
तिनं ते हळूच म्हणून पाहिलं,
चुकलं, पुन्हा म्हटलं.

शेवटचं वजन केलं तेव्हा
काटा साडेतीन किलो पुढे होता.
ते रकान्यात नीट बसलं.

पण पथारीवर तिला अजूनही
वेगळं बसवतात, कोपऱ्यात,
वाऱ्याच्या तोंडाशी.
मुकादमाला मी दोनदा जाऊन सांगितलं,
आता तिच्यापासून काही धोका नाही.
तो हो हो म्हणतो.

हा शेरा
कुठल्या रजिस्टरात लिहू?
आणि कोणाच्या नावासमोर?