उणे अठरा

डिसेंबरातल्या मंगळवारी दुपारी अडीचला
कोपऱ्यावरच्या डीपीत काहीतरी धडाडलं
आणि आमचं निम्मं वारजे बंद पडलं.
मी बँकेतून आले सात वाजता.
फोनवरची बाई म्हणाली, काम चालू आहे.
म्हणजे सकाळ.

दिव्यांचं काही नाही, पंखा तर नकोच होता.
फ्रीजखाली थारोळं दिसलं, तेव्हा पोटात गोळा आला.
दाराचं रबर गेलंय
हे दिवाळीपासून मी उपेंद्रला सांगतेय,
आणि उपेंद्र मला.

त्यात माझं अख्खं वर्ष होतं.
गेल्या जानेवारीतला मटार, तीस रुपये किलोचा,
बातम्या बघत सोललेला,
दोन मिनिटं उकळत्या पाण्यात, मग बर्फाच्या,
पंचावर कोरडा करून पिशव्यांत भरलेला.
पावटा. फरसबी. पालकाच्या वड्या, साबणासारख्या.
जूनची जांभळं.
वाईच्या स्ट्रॉबेऱ्या, दबलेल्या म्हणून निम्म्या भावात.
सासवडच्या सीताफळांचा गर,
बिया काढताना उपेंद्र जे जे पुटपुटला त्याच्यासकट.
प्रत्येकीवर चिकटपट्टी, तारीख,
आणि त्याच्या अँजिओप्लास्टीनंतर
एक जादा ओळ: मीठ नाही.

गॅलरीत ठेवू या का सगळं? तो म्हणाला,
बाहेर गारठा आहेच की.
नऊ अंश, मी म्हटलं. नऊ.
आणि एकदा वितळलं की परत गोठवायचं नसतं.
मग करायचं काय?
शिजवायचं.

मोठं पातेलं माळ्यावरून काढलं,
मृण्मयीच्या बारशानंतर पहिल्यांदाच.
उपेंद्र मोबाईलचा उजेड धरून उभा,
हात अवघडला की उजेड भिंतीवर जायचा,
मी ओरडले की पातेल्यात यायचा.
बाजरीची भरड, मूगडाळ, त्यावर मटार, पावटा, फरसबी,
आलं ठेचून, मिरी, तेल मोजून दोन चमचे
(डॉक्टरांनी दोन माणसांना सांगितलेले;
आता बिल्डिंगला दोन).
मिक्सर नाही, म्हणून पालक रवीने घुसळला.
दोऱ्या राहिल्या थोड्या. राहू देत.

वास जिन्याने वर गेला.
पहिल्यांदा तळमजल्यावरची शेख मंडळी आली,
मक्याच्या दाण्यांची पिशवी घेऊन, पाणी गळत असलेली.
मग दोन नंबरातली नोकरीवाली पोरं,
त्यांच्याकडे होता फक्त बर्फ.
आणि मग टेंबे.

टेंबे आमच्या डोक्यावर राहतात.
त्यांच्या मोरीतलं पाणी
चार वर्षं माझ्या ओट्यावरच्या छतात उतरतंय.
आधी सांगून झालं, मग पत्रं झाली,
मग लिफ्टमध्ये दोघांनी आकडे बघत उभं राहणं.
कानटोपी, स्वेटर, हातात विकतच्या मटाराचं पाकीट.
दारातच म्हणाले, हे फुकट जाईल.
मी म्हटलं, टाका.

टाकताना त्यांनी वर पाहिलं.
उपेंद्रनेही नेमका तेव्हाच
उजेड छताकडे धरला.
ओलीचा डाग, पिवळसर, कडेला पोपडे,
पातेल्याच्या वाफेत घामेजल्यासारखा.
कोणी काही बोललं नाही.
खिचडी मात्र रटरटत होती, जोरात.

साडेदहाला जिन्यात पंक्ती झाल्या.
पायऱ्या गार, म्हणून खाली वर्तमानपत्रं.
शेखांच्या आजी म्हणाल्या, मीठ कमी आहे,
आणि तीनदा घेतली.
जांभळं आणि सीताफळ कालवून वाट्या भरल्या,
साखरेचा कण नाही,
टेंब्यांनी बोटाने वाटी निपटली.
बायको गेल्यापासून, म्हणाले,
मी पाकिटावरच्या सूचना वाचून जेवतो.
एवढंच. मग वाटी धुवायला नळ शोधू लागले.
उरलेली खिचडी मी त्यांना डब्यात दिली.

वीज पहाटे चारला आली.
रिकामा फ्रीजर घरघरू लागला,
आत एक बर्फाचा ट्रे आणि तारखांच्या सुटलेल्या पट्ट्या.

सकाळी दारात डबा होता, घासलेला.
डबा रिकामा परत करत नाहीत, हे त्यांना माहीत होतं तर.
आत हिरवेगार दाणे, यंदाचे,
मंडईतून आणून रात्रीतून की पहाटे, कधी सोलले देव जाणे,
एकदोन किडके, चष्म्याला न दिसलेले.
उपेंद्र पिशवी शोधायला लागला.
ठेव ती, म्हटलं. आजच पोह्यांत घालते.

आणि रविवारच्या मीटिंगला
मोरीचा विषय आहेच, पाच नंबरला.
तो मी काढलेला नाही.