दगडफूल

मंगळावर गेलेला नमुना क्रमांक सतरा
मी खरवडला होता काळाघोड्याच्या पुलावरून,
भाजीच्या सुरीने, एका रविवारी.
खाली विश्वामित्रीच्या गाळात मगर ऊन खात होती.
कागदावर लिहिलं : स्थानिक. निरुपद्रवी.
सही, सुनीती दिघे.

दगडफूल? मसाल्यातलं? सासूबाईंनी विचारलं.
हो, तेच. दगड खातं, माती करतं.
मग?
मग हवा.
मग?
मग, कधीतरी, माणसं.
त्यांनी डबा झाकला, म्हणाल्या,
आमटीला मीठ कमी झालंय आज.

एकोणीस वर्षं.
फतेगंजच्या प्रयोगशाळेत आता फोटो येतात :
राखाडी हवं होतं, काठ जांभळे आहेत.
उन्हाकडे जायचं सोडून ते भेगांत उतरतंय
आणि भेगांतून वर येतोय एक वायू
जो आमच्या कुठल्याच तक्त्यात नाही.
दिघेबेन, हिरल विचारते,
आपलं बिघडलं, की तिथलं काही जागं झालं?
समितीला उत्तर एका शब्दात हवंय.

ज्याचं नाव या नदीला,
त्याने रागाच्या भरात दुसरं आकाश रचलं
आणि मध्येच सोडून दिलं.
उलट्या लटकलेल्या त्रिशंकूची लाळ गळत राहिली,
तिची नदी झाली म्हणे, जिला कुणी शिवत नाही.
रचणाऱ्याच्या हिशेबात
ती नदी नव्हती.

पुराच्या साली आमच्या जेवणाच्या टेबलाखाली
सात फुटी मगर निघाली होती.
वनखात्याच्या पोरांनी दोरीने तोंड बांधलं,
पेपरात आलं, मगर घरात घुसली.
सोसायटी भरावावर आहे.
भरावाखाली काय होतं, ते
बिल्डरने सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

काल ऑफिस सुटल्यावर पुलावर थांबले.
मागून रिक्षावाले शिव्या देत होते.
सुरीची जागा सापडली :
तळहाताएवढा दगड, अजून उघडा.
तिथे ते वर्षाला मैलभर पसरतंय,
इथे एकोणीस वर्षांत
बोटभरही भरून आलं नाही.

नाही, अगदीच असं नाही.
खालच्या कडेला एक ठिपका होता,
जांभळट वाटला.
ऊन तिरपं होतं,
चष्मा पर्समध्ये.
पर्स उघडली
आणि उघडी तशीच धरून उभी राहिले.