शुद्धलेखन

सेहेचाळिसाव्या वर्षी मी परत बाकावर बसले.
शनिवार-रविवार, अमरावती, एम.एड., विशेष शिक्षण.
वरूडहून पहाटे पाचची एसटी,
डब्यात पोळी अन् जवसाची चटणी,
पिशवीत पोरानं जुनी झाली म्हणून दिलेली कंपासपेटी.
घरचे म्हणाले, आता पेन्शनचे कागद करायचे का परीक्षेचे?
मी म्हटलं, वर्गात तीन लेकरं आहेत,
त्यांच्याशी कसं बोलावं ते मला उमगत नाही.
अर्जातही तेवढंच एक वाक्य माझं होतं,
बाकीचे रकाने ढेपे सरांनी भरून दिले.

तिसऱ्या रविवारी श्रवणाचा आलेख आला.
उलटा असतो तो.
रेघ खाली जाईल तसं बहिरेपण वाढतं,
आमच्याकडच्या विहिरींच्या पाण्यासारखं.
मधोमध केळ्याच्या आकाराचा एक पट्टा,
आणि बोलण्यातले सगळे आवाज त्या पट्ट्यात राहायला.
म, न, ब डावीकडे, ठणठणीत.
स, फ, थ पार उजव्या टोकाला, बारीक,
पाखडताना सुपातून उडून जातात ना, तसे.
कोहळे मॅडम म्हणाल्या,
काही लेकरांना ढोल ऐकू येतो, आईची हाकही ऐकू येते,
फक्त हे टोक तेवढं गळून पडतं.
अशी मुलं आधी कोणाला सापडतात?
कोणीतरी म्हणालं, डॉक्टरला.
मी हात वर केला नाही.

मला सापडलं होतं एक.
गोकुल उईके, तिसरी,
माझ्या नोकरीचं दुसरं वर्ष.
मी सांगितलं शाळा, त्यानं लिहिलं आळा.
सकाळ, तर अकाळ.
संत्रं, तर अंत्रं.
फळा, तर पुन्हा अळा.
पानभर तसंच.
मला वाटलं, पोरगं माझी टिंगल करतंय.
मग मी आवाज चढवला. टेबलावर छडी आपटून
शाळा, शाळा, शाळा.
ओरडल्यानं श वाढत नाही,
वाढतो तो फक्त आ,
हे मला कोणी सांगितलं नव्हतं.
तो मान डोलवायचा
आणि आणखी वळणदार अक्षरात लिहायचा, आळा.

दहापैकी दोन. दहापैकी शून्य.
पाचवीनंतर तो आलाच नाही,
मी हजेरीपटावर आडवी रेघ मारली. पट्टीनं, सरळ.

त्या रविवारी परतीच्या गाडीत
मी ते पान मनातल्या मनात पुन्हा तपासलं.
एकही चूक नव्हती.
पोरानं जे ऐकलं ते काना-मात्रेसकट उतरवलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत बेनोड्याला गेले.
दळण नव्हतंच माझं,
निमित्त म्हणून पाच किलो ज्वारी विकत घेतली.
चक्कीवर पट्ट्याची फडफड, खालून जमीन थरथरते,
बाया एकमेकींच्या कानात ओरडतायत,
कोणाला कोणाचं काही कळत नाही.
तो तेवढा निवांत.
भुवयांवर पीठ, नजर प्रत्येकीच्या तोंडाकडे,
गहू कोणाचा, किती बारीक, पैसे आता का मग,
एकदाही 'काय?' म्हणून विचारत नव्हता.
त्या पूर्ण खोलीत ऐकू येणारा माणूस एकच.

माझा नंबर आला.
मी आवाज काढलाच नाही. नुसते ओठ हलवले,
गोकुल, चूक माझी होती.
मागच्या बाईला वाटलं मी तोंडातल्या तोंडात पुटपुटते.
त्यानं पाहिलं. हात पँटला पुसले.
ज्वारीत मनगटापर्यंत हात घातला,
मूठ उघडून दाणे बोटांनी चोळत राहिला.

"थे कळलं मले," तो म्हणाला.
"पन ज्वारी ओली हाये, बाई.
उन्हात घालतो. उद्या अकाळी या."

लाल पेन पर्समध्ये होता.
आयुष्यभर असतोच तो.

अकाळी गेले. अंधार होता अजून.
पीठ इतकं गरम
की डब्याला हात लागत नव्हता.