सुटी बटणं

हौसेला मोल नसतं म्हणतात.
माझ्या दुकानात असतं : डझनाला चार युरो,
शिंपल्याची हवी असतील तर नऊ.

त्रिएस्तेच्या बंदरामागे, उताराच्या गल्लीत,
एकशेबारा खणांची भिंत, वडिलांनी रंगवलेली,
कुठल्या रंगात ते आता मलाही सांगता येत नाही.

ओन्दिना येते ऋतू बदलायच्या आठवडाभर आधी.
दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस आहे.
पाच दिवस पांढरा कोट, पांढरे बूट,
आ करा, चूळ भरा, आता थुंका.
शनिवारी पर्समधून काहीतरी काढून
काउंटरवर ठेवते आणि म्हणते,
"लिव्हिओ, मला हे अंगावर घालायचंय."

एका ऑक्टोबरात ठेवलं रादिक्योचं पान,
ती कडू भाजी, वाइनच्या डागासारखी लाल.
मी म्हटलं, याची कोशिंबीर करतात.
तिने पांढऱ्या शिरेवर बोट फिरवलं :
"इथे पायपिंग. आणि कडूपणासाठी
काहीतरी पितळी द्या, पण जुनं."
झाला तो घागरा. चालताना देठाकडून उघडायचा.

डिसेंबरात काहीच वस्तू नव्हती, नुसतं बोट :
खिडकीबाहेर, दीपगृहाकडे.
काळा कोट शिवला, अगदी साधा, विधवेचा वाटावा असा,
आणि आत हळदीपेक्षा पिवळं अस्तर.
आमच्याकडे बोरा वारा सुटला की
म्हातारे दोर धरून चौक ओलांडतात.
ती मधोमध उभी राहिली, बटणं न लावता.
कोट उघडला, मिटला. उघडला, मिटला.
बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवायचं विसरला.

मग एका दाढेचा एक्स-रे
(पेशंटला विचारून आणला, असं ती म्हणते),
त्यावरून राखाडी ड्रेस, काखेत धुरकट पांढरा.
मग जूनमध्ये वर्तमानपत्रावरचं कॉफीच्या कपाचं वर्तुळ,
कोऱ्या लिननवर, कमरेच्या डाव्या बाजूला,
जणू कुणी तिच्यावर कप ठेवून
फोन घ्यायला उठून गेलंय.

तिची बहीण नेरीना म्हणते, पन्नाशी उलटली आता हिची.
मी कुणाचंच काही म्हणत नाही.
मी बटणं मोजतो.

या मार्चमध्ये ती रिकाम्या हाताने आली.
पर्स उघडली नाही. बाहेर बोट केलं नाही.
स्टुलावर बसून माझ्याकडे बघत राहिली,
इतका वेळ की मी कानामागची पेन्सिल काढली,
परत खोचली.
"या वेळी तुम्ही," म्हणाली.

मला राग आला. खरं सांगतो, आला.
मी काय पान आहे? की दाढ?

"असं काय आहे इथे, जे कधीच विकलं गेलं नाही?"
शिडी लावावी लागली. सगळ्यात वरचा खण,
सुट्या बटणांचा. जोडी हरवलेली,
नमुना म्हणून आलेली, कंपनीच बुडालेली.
एक जीनाच्या निळ्या झग्याचं, तेही त्यातच होतं.
ओन्दिनाने अकरा वेचली. ते निळं घेतलं नाही.
तिला कुणी सांगितलं नव्हतं.
पैसे घ्यायचे की नाही मला कळेना,
तर तिनेच चार युरो मोजून ठेवले.

तीन आठवड्यांनी धक्क्यावर दिसली.
जाकीट आमच्या खणांच्या रंगाचं. हो, तोच रंग,
त्याला नाव नाही, पण तो चुकणार नाही.
गळ्यात शिंप्याची टेप, मफलरसारखी.
बाहीवर एक दोरा मुद्दाम लोंबता.
अकरा बटणं, अकरा जातींची,
आणि दुसरं बटण तिसऱ्या काजात,
त्यामुळे सगळी कड एका बाजूला ओढलेली.

हाक मारून सांगणार होतो, बाई, चुकलंय तुमचं.
तोंड उघडलंही.
मग खाली पाहिलं, माझ्या स्वेटरकडे.

जीना असती तर दारातच सरळ केलं असतं.
वारा पडला होता. मीठ वाहणारी बोट लागत होती.
मी हात वर नेला, काजापर्यंत,
आणि तसाच खिशात घातला.