जुळवणाऱ्याच्या नोंदी

आधी वही होती. कातडी पुठ्ठ्याची, रबर लावलेली.
कठड्यावर ठेवून बुटाची नाडी बांधायला वाकलो
तेवढ्यात ती मत्कवारी नदीत गेली.
बावीस वर्षांचे पियानो
पुलाखालून वाहत निघाले
आणि मी वरून बघत राहिलो,
एक बूट सैल.

मग तिनातिनने फोनमध्ये हे टाकून दिलं.
म्हणाली, बाबा, यात काही नाही,
लिहायचं आणि शोधायचं.
खरंच काही नाही. पांढरं पान,
वरच्या कोपऱ्यात भिंग.
मला पटलं. माझ्या हत्यारांच्या पिशवीत तरी
दुसरं काय असतं.

बोट जाड आहे माझं. एकेक अक्षर टोचून लिहितो:

    वेरा, तिसरा मजला. लिफ्टला वीस तेत्रीचं नाणं लागतं.

    सोलोलाकी, अंगणातून आत. पेडल कुरकुरतं.
    कुत्रा कुरकुरत नाही, थेट चावतो.

    ग्लदानी, शाळा. पट्ट्यांखाली पेन्सिल सापडली. काढली.
    पुढच्या वर्षी पुन्हा असेल.

    इथे चहाला हो म्हणू नये.

नावं लिहीत नव्हतो.
नावं डोक्यात राहतात असं वाटायचं तेव्हा.

‘ओल’ लिहून शोधलं तर अकरा घरं आली.
‘उंदीर’ लिहिलं तर चार,
त्यातलं एक संगीत विद्यालय.
एकदा ‘रबर’ हवं होतं,
नुसता र टोचला, तर समोर आलं:

    रडली. का ते विचारलं नाही. पैसे कमी घेतले.

कोण? कुठलं घर?
खाली फक्त तारीख, नऊ मार्च.
बराच वेळ तिथेच उभा होतो,
भाजीवाल्याच्या छत्रीखाली, हातात मुळ्याची जुडी.

काल एका म्हातारीचा फोन आला.
याल का, फार दिवस झाले, म्हणाली.
आठवल्यासारखं मी हो हो म्हटलं.
तिच्या बोलण्यामागे मांजर ओरडत होतं,
तेवढाच धागा.
आज त्यांच्या जिन्यात उभा राहून ‘मांजर’ लिहिलं.
सहा आली. चौथ्या मजल्यावरचं एकच:

    मांजर आंधळं. पियानो ‘लाल ऑक्टोबर’, बासष्टचा.
    खालून दुसरी काळी पट्टी जुळवायची नाही.
    मी म्हटलं, बेसूर आहे. बाई म्हणाल्या, माहीत आहे.
    बिहीचा मुरंबा दिला.

माझीच भाषा, माझीच ती शुद्धलेखनाची चूक,
आणि परक्याचं पत्र उघडल्यासारखं वाटलं.
मुरंब्याची चवसुद्धा आठवेना.

बाकी सगळ्या जुळवल्या.
शेवटी ती एक दाबून बघितली.
खांदा पाडून रांगेत उभ्या असलेल्या माणसासारखी
जराशी खाली.
स्वयंपाकघरातून, पाठमोरीच,
बाई म्हणाल्या, “हं.”
एवढंच.
मांजर उठून पियानोपाशी आलं आणि पुन्हा बसलं.

“वरचे सूर?” त्यांनी विचारलं.
ठीक आहेत, मी म्हटलं.
वरच्या शेवटच्या पाच पट्ट्यांवर
मला लाकडाचा टकटक आवाज तेवढा येतो आताशा.
सूर असेल. तार पिळताना हाताला कळतं काहीतरी,
त्या अंदाजाने जुळवतो.
हे कुठे लिहिलेलं नाही. तिनातिनलाही ठाऊक नाही.

खाली आलो तर पिशवी हलकी लागली.
खुंट्या पिळायची चावी वर पियानोवरच.
सवयीने भिंगाखाली ‘चावी’ टोचलं. मूर्खासारखा!
आलं: चावी शेजारणीकडे, शेजारण बहिरी.
नाणं नव्हतं. चार मजले चढलो.
बाई दारात उभ्याच होत्या, चावी पदराखाली झाकावी तशी
शालीत धरून.
दुसऱ्या हातात बरणी.

आता बस थांब्यावर बसून लिहितोय:

    ख्वारामझे. नाव ख्वारामझे.
    खालून दुसरी काळी, सोडून द्यायची.
    मुरंबा आंबट जास्त, गोड कमी.
    वरच्या पाच पट्ट्या

बस आली. फोन खिशात टाकला.
हे ॲप विचारत नाही, पूर्ण झालं का म्हणून.
आहे तेवढं ठेवून घेतं.