अकरा महिने

दरडीनंतर सतरा दिवस
मी पालिकेच्या शाळेत, पाचवी ब मध्ये.
फळ्यावर अजून तीच तारीख,
गैरहजर : चार.

कांजूरला एक खोली बघितली. तळमजला,
सकाळी दीड तास पाणी,
खिडकीतून डोंगर दिसत नाही.
डिपॉझिट एलआयसीच्या पाकिटात घालून नेलं होतं.
एजंट म्हणाला, मावशी, जमलं.

मग मालकांनी आधार कार्ड हातात घेतलं.
जन्मसाल पाहिलं, बोटांवर मोजलं
(मला दिसत होती ती बोटं).
"तसं काही नाही हो.
पण एकट्या तुम्ही. रात्री-अपरात्री काही झालं तर?"

काही झालं होतंच की.
सव्वादोनला डोंगर घरात आला
तेव्हा शेजारच्या धोत्र्यांची दोन पोरं
याच हातांनी ओढली मी बाहेर.
धोत्र्यांना खोली मिळाली परवा. बरं झालं.
त्यांना नाही कुणी विचारलं, काही झालं तर.

एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली.
नकार येताना आधी
एक श्वास जास्तीचा येतो, कानाला कळतं.

म्हटलं, हरकत नाही. एवढं लिहून द्या फक्त.
शेवंती पेडामकर, वय त्र्याहत्तर, म्हणून नाही.
खाली सही.

पेन माझंच.
त्यांनी टोपण काढलं, परत लावलं.
एजंट पंख्याकडे बघत राहिला.
आतल्या खोलीतून त्यांच्या आईचा खोकला आला,
थांबला.

मी बसूनच आहे.
करार अकरा महिन्यांचाच असतो, साहेब,
सगळ्यांचाच.